धाकट्याचा सत्कार

सत्कार करायचा हे रुक्मिणीअक्काने परस्पर ठरवलं आणि घर मात्र भावाचं, गुरुप्रसादचं निवडलं. हुबळीला दुर्गदबैलात तिचं स्वतःचं मोठं घर होतं, खाली सासरच्यांचं कापडदुकान आणि वर राहायला. पण धाकट्याचा सत्कार थोरल्याच्या दारातच शोभतो, असं तिचं म्हणणं. नवनगरातलं गुरुप्रसादचं घर लहान, म्हणून गच्चीवर मांडव घातला. मांडवाचं कापड अक्काच्याच दुकानातलं, तेव्हा नाही म्हणायची सोयही राहिली नाही. वर प्रास्ताविक त्यानेच करायचं होतं.

"थोरला भाऊ आहेस, त्यात फिजिक्सचा प्राध्यापक," अक्का म्हणाली. "आपल्या प्रभ्यानं काय केलंय ते तुझ्यापेक्षा चांगलं कोण सांगणार की?"

"काय केलंय त्यानं?"

"अय्यो! बॉम्ब केलाय की रे!"

हा बॉम्ब प्रभंजनच्या नावावर चढला त्याची हकीकत अशी. अप्पांचं श्राद्ध वैशाखात येतं, बुद्धपौर्णिमा उलटल्यावर लगेच. भाऊ दोन गावी राहत असले तरी घरच्या पुरोहितांच्या, बाळाचार्यांच्या लेखी ते एकत्रच होते. त्यामुळे श्राद्ध थोरल्याच्या घरी एकच आणि धाकट्याने बेंगळूरहून यायचंच, असा त्या घराचा दंडक. यंदा प्रभंजन आला नाही. फोन नाही, निरोप नाही. दर्भाचं पवित्रक बोटात घालून बाळाचार्य दाराकडे बघत बसले आणि शेवटी गुरुप्रसादने एकट्यानेच पिंड दिले. जेवणं उरकताहेत तोच शेजारचे गृहस्थ धावत आले. राजस्थानच्या वाळवंटात परवा झाले तसे आज आणखी स्फोट झाले म्हणे. बाळाचार्यांनी हातावर पाणी घेता घेता अक्काला विचारलं, "तुमचा प्रभंजन अणुखात्यातच आहे ना?"

एवढं पुरलं. बापाच्या श्राद्धाला दांडी मारणारा मुलगा त्या घराण्यात आजवर झाला नव्हता. झालाच तर त्याला कारण तसंच दांडगं हवं होतं, आणि ते आपण होऊन चालत आलं. दिवस मावळायच्या आत बातमी हुबळीच्या बाजारात पोचली.

प्रभंजनला कुणी विचारलंच नाही असंही नाही. अक्काने फोन करून विचारलं. "ते सांगता येत नाही अक्का," तो म्हणाला. अणुखात्यातला माणूस भाजी काय आणली हेही सांगता येत नाही म्हणेल, पण अक्काने ती कबुलीच धरली. पुढे महिनाअखेर पाकिस्ताननेही आपले स्फोट करून दाखवले. गुरुप्रसाद दोन दिवस नीट जेवला नाही. अक्काने मात्र सत्काराचा दिवस अलीकडे ओढला.

गुरुप्रसादला हेवा वाटत होता. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही, कारण त्याचं त्यालाही ते ठाऊक होतं. गेली कित्येक वर्षं तो धारवाडच्या कॉलेजांतून, वाचनालयांतून अणुचाचण्या बंद व्हाव्यात म्हणून व्याख्यानं देत आला होता. बॉम्ब बनवणं हे शेवटी गणित आहे. तो जवळ असताना हात आवरणं हे खरं अवघड, असं तो पोटतिडकीने सांगायचा, आणि श्रोते माना डोलवायचे. तेच श्रोते आता रायापूरच्या बसथांब्यावर त्याला गाठून म्हणत, "सर, तुम्ही बोलत बसलात, तुमच्या धाकट्या तम्मानं करून दाखवलं बघा." तो हसून घ्यायचा. घरी आल्यावर बायकोवर, हेमावतीवर ओरडायचा.

त्याहून त्याला लागलं होतं ते दीपश्रीचं. मुलगी एम.एस्सी.ला, विषय बापाचाच. आजवर संध्याकाळी दोघं जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत बसायची. पुढच्या महिन्यात मुंबईला अणुखात्यात तिची मुलाखत होती, आणि मे महिन्यापासून कुठलंही गणित अडलं की ती फोनकडे जायची. "काकांना विचारते," म्हणायची. गुरुप्रसादला स्वतःला एके काळी त्याच खात्याने निवडलं होतं. अप्पा आजारी पडले म्हणून तो गेला नाही, ही गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. तरी काकांना विचारते.

*

सत्काराच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात हेमावती पुरणाच्या होळग्या लाटत होती आणि प्रभंजनची बायको निवेदिता तव्यापाशी उभी होती. दोघी जावा, दोघींचं गोड बोलणं, आणि गोड बोलता बोलता एकमेकींना चिमटे काढण्यात दोघींचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"शाल मोठी भारी आणलीय अक्कांनी," हेमावती म्हणाली. "आपलं नशीब असतं एकेकाचं. आम्ही दरवर्षी श्राद्ध करतो, आम्हाला कोण विचारतंय! एकदा न येऊन भावजी मोठे झाले बघ."

"असं काय बोलता वहिनी."

"बोलायचं काय त्यात. अप्पा अंथरुणात होते तेव्हा त्यांचं सगळं मी केलं. शेवटी शेवटी मला ओळखायचेपण नाहीत. प्रभंजन कुठाय, एवढंच विचारायचे."

निवेदिताने होळगी उलटायची ती उलटली नाही. या घरी आलं की ही गोष्ट निघायचीच, आणि दर वेळी आपण माप ओलांडल्या दिवसापासून कमी पडलो असं तिला वाटायचं. लोकांच्या तोंडी नाव हेमावतीचं. सून असावी तर अशी, असं अक्कासुद्धा म्हणायची. आज पहिल्यांदा आपल्या नवऱ्याला मान मिळत होता, आणि तोही सुखाने घेता येत नव्हता.

"तुम्हाला वाटतं आम्ही तिकडं मजेत होतो?" ती एकदम म्हणाली. "पलंगावर पडून होते ते. रजा काढलेली, बॅग भरलेली, यायलाच निघालो होतो."

"कुठं पडून होते?"

"घरी. आणि कुठं?"

हेमावतीचं लाटणं थांबलं. "आणि वाळवंट?"

"कसलं वाळवंट घेऊन बसलात! ह्यांना तर टीव्हीवरनं कळलं. एवढी वर्षं खात्यात काढली आणि कुणी कानावर घातलं नाही म्हणून ढसाढसा रडले. बरोबरीचे लोक तिकडं होते ना! मग म्हणाले, आता अण्णाला तोंड कसं दाखवू? पहिलं हेच विचारेल, तुला ठाऊक होतं का." तिने पदराने डोळे टिपले. "वहिनी, तुमच्यापाशीच ठेवा हं. मेली जीभ घसरली माझी."

"माझ्या पोटातनं कुठं जाणार नाही," हेमावती म्हणाली, आणि खरोखरच तिचा तसा विचार होता. होळगी करपल्याचा वास आला तेव्हा तिने तवा उतरवला, हात धुतले आणि ती माजघरात गेली.

गुरुप्रसाद आरशापुढे सदऱ्याची बटणं लावत होता. हेमावतीने दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. तिला बक्षीस हवं होतं असं नाही. पण नवऱ्याचा चेहरा उजळलेला तिला कित्येक दिवसांत बघायला मिळाला नव्हता, तो आज मिळाला.

"तुमच्यापाशीच ठेवा हं," ती म्हणाली.

"मी कुणाला सांगायला जातोय?"

त्याला आनंद झाला होता. लाजही वाटली, पण नंतर, आणि आनंदापेक्षा कमी.

*

पाहुणे यायच्या आधी प्रभंजन गच्चीवर एकटाच खुर्च्यांमधून फिरत होता. मांडवाला त्याच्या नावाची पाटी होती. नावाखाली कुणीतरी कन्नडमध्ये 'अणुवीर' असं लिहवून घेतलं होतं. ते वाचून तो पाटीकडे पाठ करून मागच्या रांगेकडे गेला.

त्याचं काम साधं होतं. बेंगळूरपासून लांब, माळावरच्या खडकांत यंत्रं पुरून ठेवलेली होती. जगात कुठेही कुणी जमिनीखाली स्फोट केला की त्याचा हादरा खडकांतून प्रवास करत त्या यंत्रांपर्यंत येई. हा भूकंप की बॉम्ब, कुठे झाला, केवढा होता, हे ओळखणारी जी माणसं होती त्यांतला तो एक. चीनचे ओळखले होते, फ्रान्सचे ओळखले होते. घरच्यांना त्याने हे पूर्वी सांगितलंही होतं. "म्हणजे वेधशाळेसारखं," अक्का म्हणाली होती आणि विसरून गेली होती. आपल्याच देशाचा स्फोट झाला त्या दिवशी तो रजेवर होता. यंत्रांनी त्याच्यावाचून तो टिपला.

जिन्यावर पावलं वाजली. अण्णा वर आला होता.

"काय, झालं का भाषण तयार?" प्रभंजनने विचारलं.

"तुझ्यावर बोलायचं, त्याला तयारी कसली लागते? सगळ्या गावाला ठाऊक आहे." गुरुप्रसादने एक खुर्ची ओढून सरळ केली. "फार उकडत असेल नाही तिकडं वाळवंटात?"

प्रभंजनने त्याच्याकडे पाहिलं. अण्णाच्या आवाजात त्याला काहीतरी वेगळं जाणवलं, पण ते काय ते कळेना. "अण्णा, मला एक सांगायचंय तुला. हे सगळं अक्कानं उगीच..."

"सांगता येत नाही ना पण?"

"नाही, हे सांगता येतं."

"राहू दे की. नियम तो नियम. तुमचं खातं मोठं, तुमची गुपितं मोठी. आम्ही आपले खडूवाले मास्तर."

लहानपणी आकाशकंदील फाटला की प्रभंजन असाच अण्णाकडे यायचा, आणि अण्णा आधी टोमणा मारायचा, मग चिकटवून द्यायचा. या वेळी नुसता टोमणाच आला.

त्याला राग आला, आणि रागाच्या भरात त्याच्या जिभेवर एक जुना प्रसंग आला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका वयस्क साहेबांनी त्याचं नाव-गाव विचारून म्हटलं होतं, "धारवाडचा गुरुप्रसाद तुझा कोण? मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला त्याला घाम फुटला. पाणी मागितलं, पेला हातातून पडला. मीच धरून दारापर्यंत सोडला त्याला. पुढे काय झालं त्याचं?" पुढे काय झालं ते प्रभंजनला ठाऊक होतं. पुढे अप्पांच्या आजारपणाची गोष्ट झाली. अप्पा आजारी पडले होते हे खरं, पण ते पुढच्या वर्षी. प्रभंजनने हे कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं. हेवा त्यालाही होता. अण्णा बोलू लागला की माणसं ऐकतात, अप्पा शेवटपर्यंत अण्णाच्या घरात राहिले, अण्णाला मुलगी आहे आणि आपल्याला मूलबाळ नाही. असं सगळं मनात साचलं की साहेबांचं ते वाक्य ओठांवर यायचं. तो गिळायचा. आताही गिळलं.

"खाली जाऊन कपडे बदलतो," तो म्हणाला.

*

गच्ची भरली. बर्री, कूड्री, या, बसा करत अक्का जिन्याशी उभी होती. बाळाचार्य पहिल्या रांगेत बसले, दीपश्री त्यांच्या शेजारी. पाहुण्यांत अर्धे हुबळीचे व्यापारी आणि अर्धे धारवाडचे मास्तर-वकील होते. कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये एकच गोष्ट बोलत होतं, की आता शेजारचा देश गप्प बसेल. त्याने गप्प न बसता उत्तर दिल्याला आठवडा झाला होता, पण मांडवात ते काढणं बरं दिसलं नसतं.

गुरुप्रसाद उठला तेव्हा त्याने मनाशी पक्कं केलं होतं, चार बरे शब्द बोलायचे आणि बसायचं. सुरुवात त्याने खरंच चांगली केली. प्रभंजन लहानपणी विहिरीत दगड टाकून कान लावून बसायचा ते सांगितलं. लोक हसले. मग त्याच्यातला व्याख्याता जागा झाला. जगात आता ही अस्त्रं किती देशांकडे आहेत, एकाने केलं की दुसऱ्याला करावंसं वाटतं आणि दुसऱ्याने केलं की पहिल्याला आणखी करावंसं वाटतं, यात कुणीच निर्धास्त होत नाही, असं तो सांगू लागला. पहिल्या रांगेत चुळबूळ झाली. त्याने दीपश्रीकडे पाहिलं. तिच्यासाठीच तर तो हे बोलत होता. ती काकाकडे बघत होती.

"साकु बिडो, गुरू, पुरे," अक्का मागून म्हणाली. "ते तुझं नेहमीचं आहे. अप्पांच्या श्राद्धाला तो का आला नाही ते सांग की सगळ्यांना! बापाचं कार्य बाजूला ठेवून..."

"सांगतो," गुरुप्रसाद म्हणाला. "तो वाळवंटात नव्हता. बेंगळुरात घरी होता. रजेवर. पलंगावर पडून होता, कारण खात्यानं त्याला विचारलंच नव्हतं. त्याला बॉम्बचं कळलं ते तुमच्या-माझ्यासारखं, टीव्हीवर. खोटं वाटत असेल तर निवेदिताला विचारा."

बोलून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की क्षणभर तो हसलाच असावा. मग त्याने निवेदिताला पाहिलं. ती हेमावतीकडे बघत होती आणि हेमावती जमिनीकडे. त्या दोघी यापुढे एका चुलीपाशी उभ्या राहणार नव्हत्या. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

"तुला जळतंय, गुरू," अक्का म्हणाली. "पहिल्यापासनं जळतंय तुला. प्रभ्या, बोल की रे! खोटं आहे म्हण!"

प्रभंजन उठला. त्याने भावाकडे पाहिलं, आणि आता हा काय बोलतो म्हणून गुरुप्रसादने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"खोटं नाही अक्का," तो म्हणाला. "अण्णानं सांगितलं ते सगळं खरं आहे. मी आधीच सांगायला हवं होतं. बॉम्ब माझ्या हातून झालेला नाही. मी ऐकण्याचं काम करतो. जगात कुणी चोरून फोडला तर खडकांतनं कळतं आम्हाला. एवढंच माझं काम. श्राद्धाला आलो नाही, त्याला काही कारण नव्हतं. बाळाचार्य, त्याचं काय प्रायश्चित्त असेल ते सांगा."

बाळाचार्य बोटांवर तिथ्या मोजू लागले. तेवढ्यात दीपश्री उठून उभी राहिली.

"काका, म्हणजे उद्या चाचणीबंदीचा करार लागू झाला आणि कुणी तो मोडला, तर ते तुम्हाला कळेल?"

"कळेल बहुतेक."

"थांबवता येईल?"

"ते नाही. थांबवणं माणसांनाच करावं लागतं, यंत्राच्या हातात ते नाही. पण कुणी फसवायला लागला तर निदान जगाला पुराव्यानिशी सांगता येईल. नाहीतर कोण कुणावर विश्वास ठेवणार गं?"

"मग मला तिकडंच यायचंय," ती म्हणाली. "मुलाखतीत तसंच सांगणार मी. बॉम्बकडं नको."

गुरुप्रसादने हे शब्द ऐकले. इतकी वर्षं तो हेच तर सांगत होता. ती मात्र ते ऐकायला काकाच्या तोंडाकडे बघत राहिली होती.

बाळाचार्यांना आता बोलायला विषय सापडला. "बरोबर आहे, बाळ. घरातच आहे ते. तुझ्या बाबांनासुद्धा निवडलं होतं तिथं. अप्पांसाठी सोडलं त्यानं."

"होय ना?" दीपश्री काकाकडे वळली. बापाचा राग तिच्या डोळ्यांत अजून होता, पण विचारल्यावाचून तिला राहवलं नाही. "तिकडं कुणाला बाबांची आठवण आहे का हो काका?"

"होती ना," प्रभंजन म्हणाला. "मुलाखत घेणारे एक साहेब होते. पांढऱ्या भुवयांचे. मी नवीन लागलो तेव्हा त्यांनी आपण होऊन विचारलं अण्णाबद्दल."

त्या भुवया गुरुप्रसादला आयुष्यभर झोपेत दिसत आल्या होत्या. फुटलेला पेला, ओली फरशी, दंडाला धरलेला तो हात. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. निदान आतापर्यंत तो तसं धरून चालला होता. म्हणजे प्रभंजनला सुरुवातीपासून ठाऊक होतं. आज दुपारी गच्चीवर टोमणे खाताना ठाऊक होतं. सगळ्या गावासमोर उघडा पडलेला असताना, आता, या घटकेलाही ठाऊक होतं.

"काय म्हणाले ते?" दीपश्रीने विचारलं.

सगळी गच्ची ऐकत होती. प्रभंजनने भावाकडे पाहिलं नाही.

"म्हणाले, तसा मुलगा आपल्याकडे यायला हवा होता," तो म्हणाला. "न आल्याचं त्यांना फार वाईट वाटलं."

अक्काने डोळे पुसले. कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी कुणी. पानं मांडल्याचं सांगायला खालून हाक आली तसे लोक सुटल्यासारखे उठले. दीपश्री काकाच्या हाताला धरून जिन्याकडे गेली, जाताना तिने बापाला वळसा घालून वाट काढली.

गुरुप्रसाद खुर्चीची पाठ धरून तसाच उभा राहिला. आजवर त्याने धाकट्याच्या नोकरीचा हेवा केला होता, त्याला मिळणाऱ्या मानाचा केला होता, मरताना अप्पांच्या ओठांवर असलेल्या त्याच्या नावाचा केला होता. त्यातलं काहीच एवढं मोठं नव्हतं, हे त्याला आज कळलं. हेवा करावा असं त्या माणसाकडे जे खरोखर होतं, ते त्याने आत्ता पाहिलं होतं, आणि ते हात आवरणं आपल्याला एक दुपारभरसुद्धा जमलं नाही, हेही.